कठीण जमिनीतले बी

कर्करोगाची गाठ हाताला कठीण लागते, हे वैद्यकाला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. इजिप्तमध्ये इ.स.पू. १६०० च्या सुमारास लिहिलेल्या एडविन स्मिथ पपायरसमध्ये स्तनावरच्या फुगवट्यांचे वर्णन हाताला काय जाणवते त्यावरून केले आहे आणि त्यावर उपचार नाही असे सरळ म्हटले आहे. सुश्रुतसंहितेतल्या वर्णनानुसार अर्बुद गोल, जागचे न हलणारे, फारसे न दुखणारे, सावकाश वाढणारे आणि न पिकणारे असते. आजही स्तनात किंवा मानेत गाठ घेऊन आलेल्या रुग्णाला डॉक्टर आधी बोटांनी चाचपतात. गाठ मऊ की कठीण, हलते की खाली चिकटली आहे, एवढे बोटांना कळले की पुढच्या तपासण्यांची दिशा ठरते. हा कठीणपणा हजारो वर्षे रोगाची खूण मानला गेला. तो रोग वाढण्याचे आणि पसरण्याचे एक कारणही असू शकतो, हे प्रयोगाने दिसायला मात्र एकविसावे शतक उजाडावे लागले.

कर्करोग पसरतो कसा, या प्रश्नाला आधुनिक वळण मिळाले ते १८८९ मध्ये. लंडनचे शल्यचिकित्सक स्टीफन पॅजेट यांनी स्तनाच्या कर्करोगाने दगावलेल्या ७३५ रुग्णांच्या शवविच्छेदनांच्या नोंदी तपासल्या आणि निष्कर्ष 'लॅन्सेट'मध्ये छापले. त्या काळी सर्वमान्य समज असा होता की गाठीतल्या पेशी रक्तातून वाहत जातात आणि जिथे अडकतात तिथे रुजतात. पॅजेट यांना हे पटेना. यकृत आणि पाणथरी या दोन्ही अवयवांना भरपूर रक्त मिळते, तरी नोंदींमध्ये यकृतात दुय्यम गाठी २४१ रुग्णांना होत्या आणि पाणथरीत अवघ्या १७ जणांना. केवळ योगायोगाने अडकण्याचा प्रकार असता तर एवढी तफावत पडली नसती. पॅजेट यांनी कर्करोगाच्या पेशीला बी म्हटले आणि अवयवाला जमीन. बी वाऱ्यावर चहूकडे उडते, पण उगवते ते मानवेल त्या जमिनीतच. संशोधक बियांचाच अभ्यास करत बसले आहेत, जमिनीचे गुणधर्मही पाहायला हवेत, हा त्यांचा खरा आग्रह होता.

तो फारसा कोणी मनावर घेतला नाही. १९२८ मध्ये न्यूयॉर्कचे प्रख्यात पॅथॉलॉजिस्ट जेम्स यूइंग यांनी पुन्हा जुन्याच मताची बाजू घेतली. रक्त आणि लसीका यांच्या वाहिन्या जिथे नेतील तिथे रोग पोहोचतो, वेगळ्या जमिनीची कल्पना कशाला हवी, असे त्यांचे म्हणणे. पुढची कित्येक दशके हेच मत वजनदार ठरले. १९७० मध्ये आयझेया फिडलर यांनी किरणोत्सारी खूण केलेल्या कर्करोगपेशी उंदरांच्या रक्तात सोडल्या. दोन आठवड्यांनी हजारात जेमतेम एखादी जिवंत राहिली होती. म्हणजे पोहोचणे सोपे होते, रुजणे अवघड. १९८४ मध्ये तर माणसांतच पुरावा मिळाला. अंडाशयाच्या कर्करोगामुळे पोटात पाणी साठणाऱ्या काही रुग्णांना आराम पडावा म्हणून ते पाणी नळीवाटे मानेतल्या शिरेत सोडले जाई. त्या पाण्याबरोबर कर्करोगाच्या असंख्य पेशी दिवसरात्र रक्तात जात होत्या. तरीही डेव्हिड टॅरिन आणि सहकाऱ्यांना या रुग्णांच्या इतर अवयवांत दुय्यम गाठींचा सुळसुळाट आढळला नाही. वाहिन्यांचा मार्ग कुठवर नेतो ते यूइंग यांना अचूक दिसले होते, पण तिथे गेल्यावर काय होते याबाबत पॅजेट बरोबर होते.

दरम्यान संशोधनाचा मुख्य प्रवाह पेशीच्या आत शिरला होता. १९११ मध्ये पेटन राऊस यांनी कोंबड्यांत कर्करोग निर्माण करणारा विषाणू शोधला. १९७६ मध्ये मायकेल बिशप आणि हॅरल्ड व्हार्मस यांच्या प्रयोगशाळेत त्या विषाणूतल्या घातक जनुकाचे मूळ निरोगी पेशींमध्येच सापडले. दोघांना १९८९ मध्ये नोबेल मिळाले. कर्करोग हा जनुकांचा आजार आहे, हे सूत्र पक्के झाले आणि ते चुकीचे नव्हतेच. पण प्रयोगशाळेत पेशी वाढत होत्या त्या प्लॅस्टिकच्या सपाट बशीत. निरोगी स्तनाच्या ऊतीपेक्षा हे प्लॅस्टिक एक कोटीहून अधिक पटींनी कठीण असते. जमिनीच्या कठीणपणाचा पेशीवर काय परिणाम होतो, हा प्रश्न अशा बशीत उद्भवणेच शक्य नव्हते, कारण प्रत्येक पेशी सारख्याच कठीण जमिनीवर बसलेली होती.

या सूत्राला पहिला मोठा तडा राऊस यांच्याच विषाणूने दिला. इराणमध्ये जन्मलेल्या आणि कॅलिफोर्नियातल्या बर्कली प्रयोगशाळेत काम करणाऱ्या मीना बिसेल यांनी १९८२ मध्येच मांडले होते की पेशींभोवतीचे कोलॅजनादी प्रथिनांचे जाळे हे नुसते भरणाचे सामान नाही. ते पेशीच्या जनुकांना सूचना देते आणि पेशीही त्या जाळ्यात बदल करते. दोन वर्षांनी त्यांनी आणि डेव्हिड डॉल्बर्ग यांनी राऊसचा विषाणू कोंबडीच्या गर्भात टोचला. पिल्लात हमखास गाठ आणणारा हा विषाणू गर्भात कामाला लागला, त्याचे जनुक चालू झाले, पण गाठ आली नाही. त्याच गर्भाच्या पेशी बाहेर काढून बशीत ठेवल्या तर मात्र त्या लवकरच कर्करोगी रूप घेत. पुढचा प्रयोग अधिकच बोलका होता. पिल्लाच्या एका पंखात विषाणू टोचला आणि दुसऱ्या पंखाला जखम केली, तर विषाणू न टोचलेल्या त्या पंखावरही जखमेच्या जागी गाठ उगवली. जनुक तेच असूनही भोवतालची ऊती ठरवत होती की त्याला मोकळीक द्यायची की आवरायचे. बिसेल यांचे म्हणणे सुरुवातीला अनेकांनी उडवून लावले. १९९७ मध्ये त्यांच्या प्रयोगशाळेत व्हॅलरी वीव्हर यांनी स्तनाच्या कर्करोगी पेशींच्या पृष्ठभागावरचे इंटेग्रिन नावाचे प्रथिन, म्हणजे पेशीने भोवतालच्या जाळ्याला धरण्याचा आकडा, प्रतिपिंडाने अडवले. बेशिस्त वाढणाऱ्या त्या पेशी पुन्हा दुग्धग्रंथीसारखे नीटस गोल पुंजके करू लागल्या. त्यांच्या जनुकांतले दोष मात्र जसेच्या तसे होते.

भोवतालचे जाळे महत्त्वाचे, इथवर मजल आली. पण त्यातले नेमके काय महत्त्वाचे? जाळ्यातली रसायने, की त्याचा ताठपणा? हे दोन वेगळे करून तपासायला साधन हवे होते आणि ते कर्करोगाशी थेट संबंध नसलेल्या मंडळींनी दिले. १९८० मध्ये नॉर्थ कॅरोलायनातल्या अल्बर्ट हॅरिस यांनी सिलिकॉनच्या दाट द्रवावरून क्षणभर ज्योत फिरवली. वरच्या थराची रबरासारखी पातळ साय झाली. तिच्यावर सोडलेल्या पेशी चालू लागल्या तेव्हा सायीला सुरकुत्या पडल्या. पेशी आपल्या पायाखालची जमीन खेचते, हे पहिल्यांदाच डोळ्यांना दिसले. हा जोर पुढे सरकण्यासाठी लागतो त्याहून कितीतरी अधिक होता. हॅरिस यांनी त्याचा अर्थ लावला की पेशी भोवतालचे तंतू ओढून ऊतीला आकार देत असाव्यात.

१९९७ मध्ये रॉबर्ट पेल्हॅम आणि यू-ली वांग यांनी ताठपणा हवा तेवढा ठेवता येईल अशी जमीन तयार केली. पॉलिअ‍ॅक्रिलमाइडचे जेल प्रथिने वेगळी करण्यासाठी कुठल्याही जीवरसायनाच्या प्रयोगशाळेत लागते. ते ओतताना साखळ्यांना एकमेकींशी सांधणाऱ्या रसायनाचे प्रमाण कमी-जास्त केले की जेल मऊ किंवा ताठ होते. वर सगळीकडे एकाच प्रथिनाचा पातळ लेप दिला की पेशीला रासायनिक फरक जाणवत नाही, फक्त ताठपणाचा फरक उरतो. पेशी मऊ जेलवर वेगळ्या वागल्या आणि ताठ जेलवर वेगळ्या. तीन वर्षांनी चुन-मिन लो आणि वांग यांनी एकाच बशीत अर्धे मऊ आणि अर्धे ताठ जेल केले. मऊ बाजूच्या पेशी सीमा ओलांडून ताठ बाजूला गेल्या. ताठ बाजूने आलेल्या पेशी मात्र सीमेपाशी थबकून माघारी वळल्या. या चालीला नावही मिळाले: ड्युरोटॅक्सिस.

वीव्हर आता पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात होत्या आणि जेलचे तंत्र हाताशी होते. २००५ मध्ये मॅथ्यू पास्झेक आणि वीव्हर यांनी उंदरांच्या स्तनग्रंथींचा ताठपणा मोजला. निरोगी ग्रंथी साधारण १७० पास्कल, गाठ सुमारे ४,००० पास्कल, म्हणजे वीस पटींहून जास्त. मग निरोगी स्तनपेशी वेगवेगळ्या ताठपणाच्या जेलमध्ये वाढवल्या. मऊ जेलमध्ये त्यांनी मध्ये पोकळी असलेले व्यवस्थित गोलक केले. ताठपणा वाढत गेला तशी पोकळी भरत गेली, पेशींचे आपसातले सांधे सुटले आणि वाढ थांबेना. कर्करोगाचे एकही जनुक न घालता, केवळ जमीन ताठ केल्यामुळे, पेशी कर्करोगी रूपाकडे झुकल्या. त्यामागची साखळीही उलगडली. जमीन ताठ असेल तर इंटेग्रिन गोळा होऊन पकड घट्ट होते, पेशीच्या आतले स्नायूसारखे तंतू जास्त आकुंचन पावतात आणि वाढीचे संदेश जोराने जातात. जास्त आकुंचन पावणारी पेशी भोवतालचे कोलॅजन आणखी खेचते, त्यामुळे जमीन आणखी ताठ होते आणि हे चक्र स्वतःच स्वतःला पुढे ढकलते. २०११ मध्ये इटलीतल्या पादुआ विद्यापीठात स्टेफानो पिकोलो यांच्या गटाने दाखवले की हा ताण याप आणि टाझ या दोन प्रथिनांमार्फत केंद्रकापर्यंत पोहोचतो आणि तिथली जनुके चालू करतो.

कोलॅजन ताठ होते ते प्रामुख्याने लायसिल ऑक्सिडेज या तांबेयुक्त विकरामुळे. ते कोलॅजनच्या तंतूंना आडव्या गाठी मारते. २००६ मध्ये स्टॅनफर्डमध्ये जेनिन अर्लर आणि अमातो जाक्किया यांना दिसले की प्राणवायू कमी पडला की गाठीतल्या पेशी हे विकर मोठ्या प्रमाणात तयार करतात. ते अडवले तर उंदरांत दुय्यम गाठी रोखल्या जातात. पुढच्या कामातून आणखी एक गोष्ट पुढे आली. मूळ गाठीतून सुटलेले हे विकर दूरच्या फुप्फुसात आधीच साचते आणि तिथली जमीन तयार करून ठेवते. बी यायच्या आधी नांगरणी, असा हा प्रकार पॅजेट यांच्या कल्पनेच्याही पुढचा होता. २००९ मध्ये वीव्हर यांच्या गटाने कर्करोगप्रवण उंदरांना हे विकर अडवणारे रसायन दिले. ते स्वीट पीच्या बियांत असते आणि त्या बिया खाणाऱ्या प्राण्यांची हाडे व रक्तवाहिन्या ठिसूळ होतात, त्यामागेही सांधणी न होणारे कोलॅजनच असते. या उंदरांची ऊती मऊ राहिली, गाठी उशिरा आल्या आणि कमी आल्या.

पसरण्यासाठी नुसता ताठपणा पुरत नाही, वाटही लागते. विस्कॉन्सिनमध्ये पॅट्रिशिया कीली यांच्या गटाने गाठीच्या कडेचे कोलॅजन विशिष्ट सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. निरोगी ऊतीत तंतू कुरळे आणि विस्कटलेले असतात. वाढत्या गाठीभोवती ते आधी ताणून गाठीला वेढा घालतात आणि नंतर कडेला काटकोनात उभे राहतात. पेशी त्या सरळ तंतूंवरून बाहेर पडतात. २०११ मध्ये १९६ रुग्णांच्या नमुन्यांवर केलेल्या अभ्यासात असे उभे तंतू असलेल्यांचा रोग परत येण्याचे आणि मृत्यूचे प्रमाण जास्त होते.

वाट अरुंद असली तर पेशी ती विकरांनी पोखरते. म्हणून १९९० च्या दशकात ही पोखरणारी विकरे अडवणारी औषधे मोठ्या आशेने आली आणि रुग्णांवर अपयशी ठरली. कारणाचा एक भाग २००३ मध्ये कॅटरीना वोल्फ आणि पीटर फ्रीडल यांच्या प्रयोगांत दिसला. पोखरणे बंद केले की पेशी अमीबासारखी लवचिक होऊन तंतूंच्या फटींतून घुसते. तिला अडवणारी एकच वस्तू उरते, ती म्हणजे तिचे स्वतःचे केंद्रक. केंद्रक मूळ छेदाच्या सुमारे एक दशांशापर्यंत चेपता येते, त्याखाली पेशी अडकते. २०१६ मध्ये दोन स्वतंत्र गटांनी दाखवले की अशा चेपण्यात केंद्रकाचे आवरण फाटते, डीएनए उघडे पडून इजा होते आणि मग आवरण पुन्हा सांधले जाते. म्हणजे पसरण्याच्या धडपडीतच पेशीच्या जनुकांत नवे दोष पडू शकतात.

तिसरी बाजू दाबाची. ती उघडी पाडली आयआयटी कानपूरमधून शिकून अमेरिकेत गेलेले रसायन अभियंता राकेश जैन यांनी. कर्करोगावरची औषधे गाठीत नीट का शिरत नाहीत, हा त्यांचा प्रश्न अभियंत्याला साजेसाच होता. निरोगी ऊतीत पेशींमधल्या द्रवाचा दाब शून्याच्या आसपास असतो. गाठीतल्या रक्तवाहिन्या गळक्या आणि लसीकावाहिन्या निकामी असल्याने तिथे तो बराच चढतो, त्यामुळे औषध आत ढकलले जात नाही. द्रवाशिवाय घन भागाचाही ताण असतो. २०१२ मध्ये जैन यांच्या गटाने तो साध्या सुरीने दाखवला. काढलेल्या गाठीला जाडीच्या ८० टक्के चीर दिली की दोन्ही भाग आपोआप फाकतात आणि मधला भाग फुगून वर येतो. हाच ताण बारीक रक्तवाहिन्या चेपून बंद करतो. प्राणवायू कमी पडतो, आणि प्राणवायू कमी पडला की लायसिल ऑक्सिडेज वाढते. इथे दाबाची गोष्ट ताठपणाच्या गोष्टीला येऊन मिळते.

एवढे कळल्यावर उपचार उघड वाटत होता: जमीन मऊ करा. त्यासाठी स्वादुपिंडाचा कर्करोग निवडला गेला, कारण त्याच्या गाठीत पेशींपेक्षा भोवतालचे तंतूच जास्त असतात. २००९ मध्ये ही तंतुमय जमीन घटवणाऱ्या औषधाने उंदरांत केमोथेरपी आत पोहोचवली. रुग्णांवरची चाचणी मात्र २०१२ मध्ये थांबवावी लागली, कारण औषध घेणाऱ्यांचेच हाल जास्त होते. २०१४ मध्ये दोन गटांनी उंदरांत या जमिनीतल्या पेशीच काढून टाकल्या, तर गाठी अधिक आक्रमक झाल्या आणि उंदीर लवकर मेले. जी जमीन पेशींना वाट दाखवत होती तीच त्यांना वेसणही घालत होती. गाठीतला पाणी धरणारा हायल्युरोनिक आम्लाचा भाग विरघळवणारे विकरही २०१९ मध्ये तिसऱ्या टप्प्याच्या चाचणीत पडले. ते घेणाऱ्यांचे आयुर्मान ११.२ महिने होते, न घेणाऱ्यांचे ११.५. उपचारांचा हा इतिहास वाचताना असे वाटते की जमीन उखडणे आणि तिच्यावरचा ताण सैल करणे यांत घाईघाईत फरक केला गेला नाही. जैन यांच्या गटाने दुसरा मार्ग धरला. लोसार्टन ही रक्तदाबाची जुनी, स्वस्त गोळी तंतू तयार होण्याचे संदेश मंद करते. केमोथेरपी आणि किरणोपचारांबरोबर ती दिलेल्या ४९ रुग्णांवरच्या चाचणीचे निष्कर्ष २०१९ मध्ये आले आणि ते आशादायक होते, पण तुलनेसाठी दुसरा गट त्यात नव्हता.

निदानात या कामाचा उपयोग जास्त ठोस आहे. ज्या स्त्रियांच्या मॅमोग्राममध्ये ऊतीचा तीन चतुर्थांश किंवा त्याहून अधिक भाग दाट दिसतो त्यांना स्तनाच्या कर्करोगाचा धोका, दाट भाग अगदी कमी असलेल्या स्त्रियांच्या तुलनेत, चार ते पाच पट असल्याचे २००७ च्या एका मोठ्या अभ्यासात नोंदले गेले. सप्टेंबर २०२४ पासून अमेरिकेत प्रत्येक मॅमोग्रामच्या अहवालात ही घनता कळवणे सक्तीचे आहे. १९९१ मध्ये ह्यूस्टनमध्ये जोनाथन ओफिर यांनी मांडलेली इलॅस्टोग्राफी ध्वनिलहरींनी ऊतीचा ताठपणा मोजते, म्हणजे डॉक्टरांच्या बोटांना जे जाणवते त्याला आकडा देते.

ऊती ताठ होऊन कर्करोगाकडे झुकण्याच्या या यंत्रणेचे एक उदाहरण भारतीयांमध्ये सत्तर वर्षांपूर्वीच नोंदले गेले होते. १९५२ मध्ये श्वार्ट्झ यांनी पूर्व आफ्रिकेतल्या काही भारतीय स्त्रियांच्या तोंडात त्वचा आखडण्याचा विकार पाहिला आणि १९५३ मध्ये मुंबईचे कान-नाक-घसातज्ज्ञ एस. जी. जोशी यांनी तो टाळू आणि घशाच्या खांबांवर वर्णन केला. गालाच्या आतली मऊ त्वचा पांढरट, ताठ दोऱ्यांसारखी होत जाते आणि तोंड दोन बोटांइतकेही उघडत नाही. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या दंतसंशोधन विभागाने केरळमधल्या एर्नाकुलम जिल्ह्यात १७ वर्षे रुग्णांवर लक्ष ठेवले, त्यांपैकी ७.६ टक्क्यांना तोंडाचा कर्करोग झाला. कारण सुपारी. सुपारीतले आरेकोलिन तंतू तयार करणाऱ्या पेशींना चेतवते, आणि तिच्यातल्या तांब्याने लायसिल ऑक्सिडेज वाढते, असे नंतरच्या संशोधनात आढळले. म्हणजे स्तनात गाठ आल्यानंतर चालू होणारे चक्र इथे गाठ येण्याआधी, तोंडात चघळलेल्या वस्तूने चालू होते. एकदा आखडलेली त्वचा सवय सुटली तरी पूर्ववत होत नाही. २००४ मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने तंबाखू नसलेली सुपारीसुद्धा माणसांत कर्करोग निर्माण करणारी ठरवली. महाराष्ट्रात गुटख्यावर जुलै २०१२ पासून बंदी आहे. साधी सुपारी मात्र पानाच्या टपरीवर आणि किराणा दुकानात आजही खुलेआम मिळते.